जर्मन शिकवणाऱ्या ॲपला आपल्याबद्दल किती सांगायचं

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधे सध्या जर्मनचं वारं आहे. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआय केलेली पोरं, अंबड-सातपूरला कंपनीत लागलेले फिटर, कोणाचाही फोन बघा, भाषा शिकायचं एखादं तरी ॲप सापडतंच. 2024 मधे महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून तर जास्तच. माझी भाची सोळा वर्षांची, तिला बारावीनंतर तिकडे शिकायला जायचंय. आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू बासष्टच्या, त्यांचा मुलगा श्टुटगार्टला असतो, नात घरात मराठी कमी आणि जर्मन जास्त बोलते, म्हणून काकू रोज दुपारी ओटा आवरला की पंधरा मिनिटं ॲपवर बसतात.

या काकूंना व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला, तुम्ही जर्मन शिकताय असं कळलं, सर्टिफिकेट आणि व्हिसा आम्ही करून देतो, आधी पासपोर्टचा फोटो पाठवा. काकू घाबरून खाली आल्या, "अरे, यांना कसं कळलं मी काय शिकतेय?" ते कसं कळलं हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, नंबर दहा ठिकाणी दिलेला असतो. पण त्या रविवारी त्यांचा, भाचीचा आणि माझा असे तीन फोन घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट तपासत गेलो. तेच इथे क्रमाने लिहितोय, तुम्ही पण फोन हातात घेऊनच वाचा.

आधी माहितीचे दोन ढीग करा

भाषेच्या ॲपला शिकवण्यासाठी तुमच्याबद्दल थोडी माहिती खरंच लागते. कुठला शब्द चुकला, किती वेळा चुकला, उत्तर द्यायला किती सेकंद लागले, मागच्या वेळी तो शब्द कधी बघितला होता. यावरूनच ते ठरवतं की हा शब्द उद्या परत विचारायचा का पंधरा दिवसांनी. ही कल्पना जुनी आहे, हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मधे स्वतःवरच प्रयोग करून पाठ केलेलं माणूस कसं विसरत जातो ते मांडलं होतं. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या लोकांनी 2016 मधे याच विषयावर एक शोधनिबंध काढला, शब्द विसरायचा वेग प्रत्येक माणसाचा आणि प्रत्येक शब्दाचा वेगळा कसा मोजायचा यावर, आणि त्यासोबत शिकणाऱ्यांच्या सरावाच्या सुमारे 1 कोटी 30 लाख नोंदी सगळ्यांना अभ्यासासाठी खुल्या केल्या, अर्थात नावं काढून. म्हणजे तुमच्या चुकांना किंमत आहे, आणि त्या चुका ॲपला दिल्याने तुमचा फायदाही होतो. हा पहिला ढीग, आणि तो द्यायला माझी काही हरकत नाही.

दुसरा ढीग म्हणजे जन्मतारीख, फोनबुक, लोकेशन, फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातवाले ज्यावरून तुमचा फोन ओळखतात तो नंबर), तुम्ही इतर कुठली ॲप वापरता, कुठल्या जाहिरातीवरून इथे आलात. यातलं काहीही नसलं तरी डेर-डी-दास, म्हणजे जर्मन नामांची लिंगं, तेवढंच अवघड राहतं, त्यात काही फरक पडत नाही. हा ढीग जाहिरातीसाठी आणि धंदा वाढवण्यासाठी असतो. त्यामुळे इथून पुढे प्रत्येक स्क्रीनवर स्वतःला एकच विचारायचं, हे शिकवायला लागतंय का? लागत नसेल तर नाही म्हणायचं.

डाउनलोडच्या आधी

प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर खाली गेलात की डेटा सेफ्टी नावाचा भाग असतो, 2022 पासून आलाय. आयफोनवाल्यांना ॲप स्टोअरमधे ॲप प्रायव्हसी दिसेल, ते डिसेंबर 2020 पासून आहे. तिथे दोन याद्या बघायच्या, कुठला डेटा गोळा करतात आणि कुठला दुसऱ्या कंपन्यांना देतात. दुसरी यादी महत्त्वाची. पण एक लक्षात ठेवा, ही माहिती ॲप बनवणारे स्वतःच भरून देतात, गूगल किंवा ॲपल प्रत्येक ओळ तपासून शिक्का मारत नाहीत, त्यामुळे पहिली चाळणी एवढाच तिचा उपयोग.

मग प्रायव्हसी पॉलिसी. ती पूर्ण कोणीच वाचत नाही, मी पण नाही. पण ब्राउझरमधे उघडून तीन टिंबांवर दाबलं की फाइंड इन पेज येतं, त्यात इंग्लिशमधे हे शब्द एकेक करून टाका: व्हॉइस, थर्ड पार्टी, ट्रेन, रिटेन, डिलीट, चिल्ड्रन, ग्रीव्हन्स. प्रत्येक शब्दाच्या आजूबाजूच्या दोन-तीन ओळी वाचायच्या, बास. व्हॉइसपाशी तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवतात का ते कळेल, ट्रेनपाशी तुमच्या लिहिण्या-बोलण्यावर त्यांचं एआय शिकवतात का, रिटेनपाशी किती काळ ठेवतात. तिथे नुसतं आवश्यक असेल तोपर्यंत एवढंच लिहिलेलं असलं तर मला ते आवडत नाही, महिने किंवा वर्षं लिहिणारी कंपनी बरी. ग्रीव्हन्सपाशी तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचा ईमेल सापडायला हवा, तो आत्ताच कॉपी करून ठेवा, पुढे लागणार आहे.

अकाउंट उघडताना

इथे सगळ्यात जास्त माहिती जाते आणि आपण सगळ्यात कमी लक्ष देतो, कारण कधी एकदा धडा सुरू करतोय असं झालेलं असतं. बरीच ॲप आधी दोन-तीन धडे अकाउंटशिवाय करू देतात, ते करून घ्या, आवडलं तरच पुढे जा.

मोबाईल नंबर आणि ईमेल दोन्ही चालत असतील तर ईमेल द्या. नंबर एकदा गेला की व्हॉट्सॲप, कॉल, एसएमएस तिन्ही दारं उघडी, शिवाय बँकेला पण तोच नंबर जोडलेला. ईमेलमधे एक सोपी युक्ती आहे, जीमेल असेल तर तुमच्या पत्त्यात अ‍ॅटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह टाकून पुढे काहीही लिहिता येतं, समजा जर्मन असं इंग्लिश अक्षरात लिहिलंत. मेल तुमच्याच इनबॉक्सला येतो, पण उद्या त्या जर्मनवाल्या पत्त्यावर भलत्याच कोणाचा मेल आला तर पत्ता कुठून फुटला ते लगेच कळतं. आयफोनवर साइन इन विथ ॲपल वापरलंत तर हाइड माय ईमेल म्हणून पर्याय येतो, तो याहून चांगला, खरा पत्ता जातच नाही.

गूगलने लॉगिन केलंत तर साधारण नाव, ईमेल आणि फोटो जातो. पासवर्ड जात नाही, हे काकूंना तीनदा समजावून सांगावं लागलं. फेसबुकने लॉगिन मी टाळतो.

नावाच्या जागी टोपणनाव चालतं. पण दुसऱ्या कुठल्या खऱ्या माणसाचं नाव किंवा ईमेल लावू नका, आपल्या नव्या डेटा कायद्यात दुसऱ्याचं सोंग घेऊन माहिती देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. आणि मुलांचं वय वाढवून तर अजिबात टाकू नका, का ते पुढे सांगतो.

मित्र शोधा म्हणून फोनबुक मागतात, तिथे स्किप. तुमच्या फोनबुकमधे डॉक्टर, गॅसवाला, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळे आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. हे मला फार मनापासून वाटतं, आपला डेटा द्यायचा का नाही हे आपण ठरवू, पण लोकांचे नंबर आपल्या मालकीचे नाहीत.

परवानग्या, आणि माइकचं काय

सेटिंग्जमधे ॲप्स, मग ते ॲप, मग परमिशन्स. लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, नियरबाय डिव्हायसेस, फोन, हे सगळं डोन्ट अलाऊ. कॅमेरा फक्त पुस्तकाचं पान स्कॅन करायचं असेल तेव्हा आस्क एव्हरी टाइम. काहीही बिघडत नाही, आम्ही तिन्ही फोनवर करून बघितलं, धडे होते तसेच चालतात.

माइक मात्र खरंच लागतो, उच्चार तपासायचा असेल तर. तिथे व्हाइल युझिंग द ॲप एवढंच ठेवा. अँड्रॉइड 12 पासून माइक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, बोलायचा धडा नसताना तो दिसला तर समजा काहीतरी गडबड आहे. प्रायव्हसी डॅशबोर्डमधे कुठल्या ॲपने माइक कधी वापरला त्याची वेळेसकट नोंद पण मिळते.

आवाज फोनवरच तपासला जातो का सर्व्हरला जातो हे थोडंफार ताडता येतं. धडा डाउनलोड झाला की फ्लाइट मोड लावा आणि बोलण्याचा प्रश्न सोडवून बघा. चालला तर निदान त्या वेळी तरी तपासणी फोनवर होतेय, नाही चालला तर बहुधा आवाज बाहेर जातोय. नेट चालू असताना रेकॉर्डिंग पाठवतात का ते मात्र याने कळत नाही, त्यासाठी पॉलिसीतली ती व्हॉइसची ओळच बघावी लागते. आणि सेटिंग्जमधे आवाज सुधारणेसाठी वापरू द्या असा काही स्विच असला तर मी बंद करतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, आवाज बदलता येत नाही, आणि हल्ली थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब आवाज बनवून घरच्यांना पैसे मागणारे फोन येतात हे आपण पेपरात वाचतोच.

जाहिरात आयडी हा अजून एक प्रकार. अँड्रॉइडमधे सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲड्स इथे डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी असतं, काही फोनमधे ते गूगलच्या सेटिंग्जमधे आत असतं, शोधावं लागेल. डिलीट केलंत की ॲपना आयडीच्या जागी नुसती शून्यं दिसतात. आयफोनवर ॲप विचारतं, ट्रॅक करू का, तेव्हा आस्क ॲप नॉट टू ट्रॅक. एका मिनिटाचं काम आहे, आणि अँड्रॉइडवर ते फक्त या ॲपसाठी नाही, सगळ्यांसाठीच होऊन जातं, आयफोनवर मात्र प्रत्येक ॲपला वेगळं सांगावं लागतं.

सरावात खरं बोलायची गरज नाही

हा मुद्दा मला त्या रविवारीच कळला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. भाषेचे पहिले धडे कशावर असतात बघा. माझं नाव अमुक, मी इथे राहतो, माझा जन्म या तारखेला झाला, माझ्या आईचं नाव हे, मला दोन मुलं, मी या कंपनीत काम करतो, माझी कंबर दुखते, मी औषध घेतो. म्हणजे बँकेवाले फोनवर ओळख पटवायला जे विचारतात ते सगळं, वर डॉक्टरला सांगायचं ते पण. पूर्वी हे वहीत लिहायचो आणि वही कपाटात पडून राहायची. आता ॲपमधे एआयशी गप्पा मारायची सोय आलीये, ड्युओलिंगोने 2023 मधे मॅक्स नावाचा प्लॅन काढला तो ओपनएआय या कंपनीच्या जीपीटी-4 नावाच्या एआय मॉडेलवर होता, अशा सोयी आता बऱ्याच ठिकाणी आहेत. म्हणजे तुम्ही टाइप केलेलं वाक्य ॲपच्या कंपनीपाशी थांबत नाही, पुढे मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सिस्टिमपर्यंत जातं.

काकूंची चॅट आम्ही वर सरकवून बघितली. नातीचं नाव, तिची शाळा, मुलगा सकाळी किती वाजता कामाला जातो, काकांची शुगर, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघं दीड महिना घरी नाही. सगळं मोडक्यातोडक्या जर्मनमधे, पण समजण्याइतकं नीट. काकू म्हणाल्या, "मला वाटलं मी गृहपाठ करतेय." आणि त्यांचं बरोबरच होतं, ॲपनेच विचारलं होतं.

यावर उपाय सोपा आहे, सरावासाठी एक खोटा माणूस बनवा. काकूंनी तिथेच बसून बनवला: नाव मीरा, राहणार बुलढाणा, नवऱ्याचं सायकलचं दुकान, दोन मुलगे, एक मांजर. आता एआयने काहीही विचारलं की मीरा उत्तर देते, इख वोने इन बुलढाणा, म्हणजे मी बुलढाण्यात राहते. व्याकरण तेवढंच घोटलं जातं आणि खरं घर बाहेर जात नाही. उलट शब्द जास्त येतात, कारण महिन्याने मीराचं सायकलचं दुकान बंद करून बेकरी काढली की ब्रेड-पिठाचे सगळे शब्द शिकावे लागतात. भाचीने तर तिच्या खोट्या माणसाला अंतराळवीरच केलंय.

ज्यांना गोएथे इन्स्टिट्यूटची ए-वन, म्हणजे जर्मनची पहिल्या पातळीची परीक्षा द्यायचीये त्यांना बोलण्याच्या पहिल्या भागात स्वतःची ओळख करून द्यावी लागते, नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद. तेवढी खरी ओळख कागदावर लिहून आरशासमोर किंवा घरच्यांसमोर पाठ करा, सात-आठ वाक्यं असतात, त्याला ॲप लागत नाही.

लीडरबोर्ड आणि सगळ्यांना दिसणारं प्रोफाइल

जानेवारी 2023 मधे ड्युओलिंगोच्या सुमारे 26 लाख वापरकर्त्यांची माहिती हॅकर लोकांच्या बाजारात विकायला ठेवलेली सापडली, 1500 डॉलरला, आणि ऑगस्टमधे तीच जवळपास फुकटात वाटली गेली. कोणी तिजोरी फोडली नव्हती. झालं असं की कंपनीच्या सिस्टिमला एखादा ईमेल दिला की त्या ईमेलचं प्रोफाइल परत मिळत होतं, मग आधीच कुठून कुठून फुटलेल्या ईमेलच्या याद्या लोकांनी त्यात ओतल्या आणि कुठला ईमेल कुठल्या नावाचा, तो काय शिकतोय, हे जोडून घेतलं. प्रोफाइलवरची माहिती तशी सगळ्यांना दिसणारीच होती, पण ईमेल दिसणारा नव्हता, आणि दोन्ही एकत्र आले की फसवणाऱ्याला हवं ते मिळालं.

आपल्याकडे याचा धोका वेगळ्या रूपात येतो. तुम्ही जर्मन शिकताय एवढं कळलं तरी तुम्हाला नोकरी, व्हिसा, बाहेर जायचं स्वप्न आहे हे कळतं, आणि खोटे एजंट नेमकं त्यावरच जाळं टाकतात. असा कोणी आला तर परदेशी नोकरीचे नोंदणीकृत एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतात, तिथे नाव नसेल तर बोलणंच बंद. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन, उशीर करू नका, पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

तेव्हा ॲपच्या सेटिंग्जमधे जाऊन प्रोफाइल प्रायव्हेट करा, फोटोच्या जागी झाड-फूल काहीतरी लावा, यूझरनेममधे जन्मसाल किंवा आडनाव नको. काही ॲपमधे प्रायव्हेट केलं की लीडरबोर्ड जातो, भाचीला त्याचं वाईट वाटलं, मग तिने मैत्रिणींचा वहीतला लीडरबोर्ड सुरू केला. तुमचा ईमेल आधीच कुठे फुटलाय का हे ट्रॉय हंट यांनी 2013 मधे सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्ड या साइटवर फुकट बघता येतं. माझा तीन ठिकाणी सापडला. सापडला तर तो पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे बदला, आणि पुन्हा एकच पासवर्ड दोन ठिकाणी ठेवू नका.

अठराच्या आतली मुलं

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मधे झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मधे आले, आणि कंपन्यांना तयारीला वेळ दिलाय, बहुतेक जबाबदाऱ्या 2027 च्या मध्यापासून लागू होतील. कंपनी परदेशातली असली तरी भारतातल्या लोकांना सेवा देत असेल तर तिलाही तो लागतो. या कायद्यात मूल म्हणजे 18 च्या आतलं, अमेरिकेतल्या सारखं 13 नाही. मुलांचा डेटा घ्यायला आई-वडिलांची तपासता येईल अशी संमती लागेल, त्यांच्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे, आणि मुलांबाबतची बंधनं मोडली तर दंड 200 कोटी रुपयांपर्यंत.

म्हणून वय खरं टाका म्हणालो. भाचीने पटकन साल बदलून वीस वर्षं केलं होतं, कारण तसं केलं की गप्पांचं फीचर उघडतं. तिला सांगितलं की वय वाढवलंस की हे सगळं संरक्षण तू स्वतःच काढून टाकलंस, ॲपच्या लेखी तू मोठी. मामा म्हणून ओरडलो नाही, तिने स्वतःच बदललं, आणि ताईच्या म्हणजे तिच्या आईच्या ईमेलवरून संमती दिली.

क्लासवाल्यांबद्दल पण दोन शब्द. कॉलेज रोड, गंगापूर रोडला भाषेचे क्लास पुष्कळ आहेत, काहींचं स्वतःचं ॲप असतं, आणि ॲडमिशनला आधार-पासपोर्टची कॉपी व्हॉट्सॲपवर मागायची पद्धत पडलीये. भाषा शिकवायला पासपोर्ट लागत नाही. परीक्षेच्या नोंदणीला लागतो, तो तिथेच द्या. आधार मागितलंच तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं काढा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आपला डेटा मागवून बघा

हे प्रत्येकाने एकदा तरी करावंच. मोठ्या ॲपमधे डाउनलोड माय डेटा असं बटण असतं, ड्युओलिंगोचं डेटा व्हॉल्ट नावाचं पान आहे. मी एका ॲपकडून माझा डेटा मागवला, काही दिवसांनी झिप फाइल आली, आतल्या फाइली गूगल शीट्समधे उघडल्या. रात्री 11 वाजून 47 मिनिटांनी केलेले धडे, परत परत चुकलेला एकच शब्द, मी वापरलेले तीन फोन, गेल्या वर्षीचा आयपी पत्ता, कुठला मेल उघडला आणि कुठला नाही उघडला. बाबा हॉस्पिटलमधे होते ते दोन आठवडे त्या यादीत कोरे होते, बघताना पोटात कसंतरी झालं, की या रकान्यांवरून माझं वर्ष वाचता येतंय.

बटण नसेल तर त्या ग्रीव्हन्सवाल्या अधिकाऱ्याला मेल करा, मजकूर असा ठेवा, इंग्लिशमधे करून पाठवलात तरी चालेल:

"मी या ईमेलने तुमचं ॲप वापरतो. माझ्याबद्दल कुठली माहिती तुमच्याकडे आहे, ती कशासाठी वापरता आणि कोणाकोणाला दिली आहे याची यादी द्यावी. माझं आवाजाचं रेकॉर्डिंग आणि चॅट साठवलं असेल तर ते काढून टाकावं. जाहिरातीसाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. कार्यवाही झाल्यावर कळवावं."

चारच मागण्या, राग नको, पाल्हाळ नको. नवा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत 2011 चे आयटी नियम आहेत, त्यानुसार तक्रार अधिकाऱ्याने एक महिन्यात निकाल लावायचा असतो. नव्या कायद्यात अजून एक गोष्ट आपल्या कामाची आहे, संमतीची सूचना इंग्लिशमधे किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीतही. ती मागा. कोणी मागितलीच नाही तर कोपऱ्यात पडून राहील. आणि संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती मागे घेणं सोपं असायला हवं, हेही त्यात लिहिलंय.

ज्यांना हे सगळं नकोच वाटतं त्यांनी ॲन्कीड्रॉइड बघा, कार्डांवरून शब्द पाठ करायचं ॲप आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अकाउंट लागत नाही, कार्ड आणि चुकांची नोंद तुमच्या फोनवरच राहते. दिसायला साधं आहे आणि कार्ड स्वतः बनवावी लागतात, पण मी गेल्या चार महिन्यांपासून शब्दांसाठी तेच वापरतोय आणि मला ते जास्त मानवलंय.

बंद करताना

ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे अकाउंट गेलं असं होत नाही, तुमचा सगळा डेटा तिकडे तसाच असतो. क्रम चुकवू नका. आधी पैसे थांबवा, प्ले स्टोअरमधे पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स इथून प्लॅन कॅन्सल, कारण अकाउंट डिलीट केलं तरी सबस्क्रिप्शन आपोआप थांबेलच असं नाही. फ्री ट्रायलच्या वेळी यूपीआय ऑटोपे दिलेलं असलं तर यूपीआय ॲपमधे ऑटोपे किंवा मॅन्डेट शोधा आणि तिथूनही रद्द करा. पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज जाहिरात समजून उडवू नका. मग डेटाची कॉपी आणि सर्टिफिकेट काढून घ्या. मग डिलीट अकाउंट. ॲपल 30 जून 2022 पासून ॲपच्या आतच हे बटण द्यायला लावतं, आणि प्ले स्टोअरचाही तसाच नियम आहे, शिवाय वेबवर लिंक पण द्यावी लागते, म्हणजे ॲप आधीच काढून टाकलं असलं तरी काम होतं. शेवटी गूगल अकाउंटमधे सिक्युरिटीखाली थर्ड पार्टी कनेक्शन्समधून त्या ॲपचं नाव काढा.

काकूंच्या फोनमधे अशी चार जुनी अकाउंट निघाली, दोन तर त्यांना आठवतही नव्हती. तीन त्याच दिवशी गेली. चौथ्याने तीस दिवस लागतील असं कळवलं, म्हणून कॅलेंडरला तारीख लावून ठेवली, आणि त्या दिवशी लॉगिनच्या पानावर फरगॉट पासवर्ड दाबून काकूंचा ईमेल टाकला. या ईमेलचं अकाउंट सापडलं नाही असं आलं, तेव्हा कुठे कॅलेंडरमधली नोंद पुसली.